फ्रीज भरलेला, डबे भरलेले, तरी सात वाजता फरसाणच: स्वयंपाकघरातला एक हट्टी बिघाड

हा बिघाड मी माझ्या घरात दोनदा दुरुस्त केलाय. नणंदेकडे नाशिकला एकदा, आमच्या ठाण्याच्या सोसायटीत दोन घरांत, आणि भाचीच्या पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटवर तीनदा. तिच्याकडे तीनदा, कारण तिची रूममेट बदलते आणि प्रत्येक नवी रूममेट आपल्या गावचा चिवडा घेऊन येते. बोलावताना सगळे सांगतात ते एकच: "आम्ही आणतो सगळं चांगलंचुंगलं गं, पण खाल्लं जात नाही."

मी स्वयंपाकघरं लावून देणारी कोणी तज्ज्ञ नाही. नवऱ्याला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं आम्ही उत्साहाने आणलं, आणि तीन महिन्यांनी त्यातलं अर्धं कचऱ्यात गेलं. तिथून शोधाशोध सुरू झाली.

लक्षणं

यातली तीन-चार जुळली तर पुढे वाचा.

- आठवड्याला मेथी किंवा पालकाची एक तरी जुडी पिशवीतच काळी पडते.
- फ्रीज उघडायचा, अर्धा मिनिट बघायचं, बंद करायचा, आणि हात डब्याकडे जातो.
- ओट्स, जवस, किनोआ, नाचणीचं सत्त्व यांची अर्धी वापरलेली पाकिटं रबरबँड लावून पडलेली आहेत. काहींवरची तारीख उलटून गेली आहे.
- मटकी घरात आहे, पण मोड आणायचं लक्षात येतं ते रात्री आठ वाजता.
- रविवारी जेवण साग्रसंगीत, आणि बुधवारपासून मॅगी, पाव-बटर किंवा बाहेरून मागवलेलं.
- बाजरीचं पीठ कडू झालं म्हणून भाकरी बंद, ती बंदच.
- "उद्यापासून नीट खायचं" हे वाक्य घरात महिन्यातून दोनदा ऐकू येतं.

घरात माणसं जेवतच नसतील, एखाद्याचं वजन कारण नसताना उतरत असेल किंवा कोणी लपून खात असेल, तर हा तो बिघाड नाही. त्यासाठी थेट शेवटच्या भागाकडे जा.

हात लावण्याआधी एक संध्याकाळ नुसतं बघा

सगळे इथेच चुकतात. बिघाड कुठे आहे ते न बघता बाजारात जाऊन काचेच्या बरण्यांचा संच आणतात. मी नणंदेकडे गेले तेव्हा पहिल्या दिवशी काहीच केलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेऊन लसूण सोलत बसले, सहा ते साडेआठ.

सहा दहाला भाचा क्लासवरून आला. बूटसुद्धा काढले नव्हते. ओट्याच्या कडेला स्टीलचा उभा डबा होता, त्याचं झाकण उघडल्याचा तो "टण्" आवाज आला, आणि मूठभर शेव गेली. सहा चाळीसला नणंदेचे यजमान आले. पाणी प्यायले आणि त्याच डब्यात हात. सात वाजता नणंद आली, पर्स अजून खांद्यालाच, आणि तिनेही तेच केलं. त्याच वेळी फ्रीजमध्ये चार सफरचंदं होती, काकड्या होत्या, दही होतं, कालची मुगाची उसळ होती. सफरचंदं सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये, पिशवीची गाठ मारून. उसळ मोठ्या पातेल्यात, वर ताटली, ताटलीवर दुधाचं भांडं.

मी मनाशी हात मोजले. शेवेला एक हात, झाकण उघडलं की झालं. सफरचंदाला पाच: फ्रीज, ड्रॉवर, गाठ, धुणं, सुरी शोधणं. उसळीला सात, आणि त्यात दूध सांडायची भीती. भुकेला माणूस एका हाताचं खातो. त्यात त्याच्या मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नाही.

पुढच्या सगळ्या तपासण्या याच हिशेबाच्या आहेत: जे खायचं त्याचे हात कमी करा, जे टाळायचं त्याचे वाढवा. सोपी आणि फुकटची आधी, अवघड आणि खर्चिक शेवटी. एक तपासणी झाली की चार-पाच दिवस थांबा. सगळं एकाच रविवारी केलंत तर नेमकं काय लागू पडलं ते कळणार नाही.

तपासणी १: डबा कुठे आहे? (खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं)

उभं राहून सरळ समोर बघा. डोळ्यांच्या आणि कमरेच्या मधल्या पट्ट्यात काय दिसतं? फरसाण, बिस्किटं, खारी, टोस्ट, मुलांचे चिप्स तिथे असतील तर ते उचला आणि स्टूल घेतल्याशिवाय हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. पारदर्शक बरणीत असतील तर अपारदर्शक डब्यात घाला. मोठ्या डब्यातून छोट्या डब्यात काढा, म्हणजे संपलं की संपलं हे दिसेल.

फेकून देऊ नका. मी पहिल्या वेळी ते केलं होतं. दोन दिवस घरात सुतकी वातावरण आणि तिसऱ्या दिवशी नवऱ्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो भडंग आणलं. वर ठेवलेला चिवडा कोणाला खरंच हवा असेल तर तो स्टूल घेऊन काढतो, वाटीत घेतो, बसून खातो. त्याला माझी काही हरकत नाही. दिवाळीच्या फराळालाही हाच नियम.

सासूबाई घरात असतील तर ही जागाबदल त्यांच्या हातून करवा. पन्नास वर्षं ज्या जागी डबा होता तिथून सुनेने तो परस्पर हलवला, तर भांडण डब्यावरून होत नाही.

तपासणी २: सात वाजता दोन मिनिटांत काय मिळतं?

डबा हलवल्याने एक पोकळी होते. ती भरली नाही तर आठवड्यात डबा खाली येतो, हे मी पैजेवर सांगते.

रिकाम्या झालेल्या जागेवर एका हाताच्या वस्तू ठेवायच्या: फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या, कुरमुरे, खजूर. ओट्यावर टोपलीत केळी, पेरू, चिकू, जे मोसमात असेल ते, धुऊन पुसून. फ्रीजच्या मधल्या फळीवर झाकणाच्या काचेच्या भांड्यात सोललेली काकडी आणि गाजराचे तुकडे. ताकाचा तांब्या. उसळ उरली असेल तर ती वाट्यांमध्ये भरून, चमच्यासकट.

दाण्याच्या कुटाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. मराठी घरात कोशिंबीर का होत नाही याचं कारण मी सहा घरांत शोधलं, आणि चार घरांत उत्तर एकच निघालं: कूट तयार नव्हतं. काकडी चिरायला तीन मिनिटं, पण दाणे भाजा, गार होऊ द्या, सालं पाखडा, मिक्सर काढा, फिरवा, धुवा म्हटलं की कोशिंबीर राहिली. आठवड्याला पाव किलो दाण्याचं कूट करून फ्रीजमध्ये ठेवलं की काकडी, गाजर, बीट, मुळा, दुधीसुद्धा पटकन वाटीत येतो. बाहेर ठेवलेल्या कुटाला पावसाळ्यात खवट वास येतो, म्हणून फ्रीज. जवसाची किंवा कारळ्याची चटणी अशीच. ती ताटात असली की लोणचं-पापड कमी लागतात.

"हेल्दी" म्हणून आणलेली बिस्किटं या जागेवर ठेवण्याआधी पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावेच लागतात. पुढे नाचणीचं चित्र आणि मागे पहिला घटक मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल असेल तर त्याची जागा स्टुलाच्या फळीवर.

तपासणी ३: भाजी आणल्यावर पहिल्या तासात काय होतं?

मेथी सडते ती फ्रीजमुळे नाही, निवडली नाही म्हणून. ओली जुडी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली की आत घाम धरतो आणि तिसऱ्या दिवशी मधली पानं चिकट होतात. आणि न निवडलेली जुडी बुधवारी रात्री साडेआठला कोणीही बाहेर काढत नाही. मी तर नाहीच.

म्हणून पालेभाजी ज्या दिवशी आणली त्याच दिवशी निवडायची. टीव्ही बघत, फोनवर बोलत, कशीही. धुवायची नाही. सुती पंचात किंवा जुन्या धुतलेल्या ओढणीच्या तुकड्यात गुंडाळून डब्यात. वर्तमानपत्रात गुंडाळायची आपली जुनी सवय आहे, पण छापील शाई अन्नाला लागू नये असं अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही वारंवार सांगितलं आहे. कापडच बरं. कोथिंबीर मुळांसकट पेल्यात उभी ठेवली तरी चालते.

निवडायला वेळ नसेल तर त्या आठवड्यात पालेभाजी आणू नका. हे मी गंभीरपणे सांगते. दुधी, दोडका, कोबी, फरसबी, गाजर, भोपळा आणा. आठवडाभर टिकतात आणि कुकरला किंवा कढईत दहा-पंधरा मिनिटांत होतात. सडलेल्या मेथीपेक्षा पोटात गेलेला दुधी चांगला.

मांडणीचे दोन-तीन नियम:

- पिकलेली केळी, सफरचंद, आंबा, टोमॅटो इथिलीन वायू सोडतात. त्यांच्या शेजारी ठेवलेली पालेभाजी लवकर पिवळी पडते. वेगळे ड्रॉवर ठेवा.
- दारातली फळी फ्रीजमधली सगळ्यात कमी गार जागा असते. तिथे दूध नको; चटण्या, सॉस, लोणची ठीक.
- आतलं तापमान ५ अंशांच्या आत हवं. शंका असेल तर पेलाभर पाण्यात फ्रीजचा साधा थर्मामीटर (तापाचा नव्हे) ठेवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवा. फ्रीज ठासून भरला तर हवा खेळत नाही आणि मागच्या कोपऱ्यातली भाजी गोठते, पुढची सडते.

उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि पातेल्यात नाही, काचेच्या भांड्यात. पातेल्याच्या आत काय आहे ते दिसत नाही म्हणून ते मागे जातं, आणि मागे गेलेलं रविवारी बाहेर येतं. भाताच्या बाबतीत तर विशेषच. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताची सकाळी फोडणी करून खाण्यात पोट बिघडायचा धोका खरा आहे, कारण त्यात वाढणाऱ्या एका जीवाणूचं विष पुन्हा तापवल्याने जात नाही.

तपासणी ४: कडधान्यं भिजत का नाहीत?

कारण ती दिसत नाहीत. चवळी, मटकी, हरभरे, मसूर हे सगळं एकसारख्या स्टीलच्या डब्यांत खालच्या ट्रॉलीत असतं, आणि आठवण होते ती खालच्या ट्रॉलीतून पोळपाट काढताना, रात्री.

तीन कडधान्यं, एवढीच, पारदर्शक बरणीत चहाच्या साखरेशेजारी ठेवा. सकाळचा चहा रोज होतो, म्हणजे नजर रोज जाते. चहा उकळेपर्यंत वाटीभर भिजत घालायचं. संध्याकाळी उपसून पंचात बांधायचं, दुसऱ्या दिवशी मटकीला मोड. सकाळी विसरलात तर मूग आणि अख्खा मसूर न भिजवताही कुकरमध्ये होतात, चार शिट्ट्या जास्त. छोले-हरभऱ्यांना भिजवण्यावाचून पर्याय नाही. राजमा तर भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात नीट शिजवायलाच हवा. कच्च्या-अर्धकच्च्या राजम्यातल्या एका घटकाने उलट्या होतात, म्हणून तो नुसता मंद आचेवर ठेवून भागत नाही.

मोड आलेली मटकी कच्ची खाण्याचा आग्रह सोडा. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर वाफवूनच.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट फ्रीझरमध्ये आहे: शिजवलेले हरभरे आणि चवळी एका वेळेपुरत्या पुड्या करून. आणि भाजणीचा एक डबा हाताशी. भाजणी, कांदा, कोथिंबीर, दहा मिनिटांत थालीपीठ. बाहेरून मागवलेलं यायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. आमच्या विदर्भाकडच्या शेजारीणबाई उकडपेंडी (कणीक भाजून केलेला उपम्यासारखा पदार्थ) करतात, तीही तेवढ्याच वेळात.

तपासणी ५: किराण्याची यादी वहीत नाही, तेलाच्या डब्यावर तपासा

इथे पेन लागेल. तेलाचा नवा डबा फोडला की त्यावर मार्करने तारीख घाला. संपला की दुसरी तारीख. बस.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात २००० किलोकॅलरीच्या दिवसाच्या ताटात कच्च्या वजनाने साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (अंडी-मासे-मांस खाणाऱ्यांना त्यातलाच वाटा), ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३५ ग्रॅम दाणे-बिया, ३०० मिलिलिटर दूध-दही आणि २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. हे आकडे पाठ करायचे नाहीत. ते चार माणसांच्या पिशवीत कसे दिसतात ते बघा.

तेल: पाच लिटरचा डबा म्हणजे सुमारे ४६०० ग्रॅम. चौघांचे दिवसाला १०८ ग्रॅम, म्हणजे डबा सहा आठवडे पुरायला हवा, आणि तूप-लोणी खात असाल तर त्याहून जास्त. माझ्या घरी तो २६ दिवसांत संपत होता. मला वाटत होतं मी तेल कमी वापरते.

डाळी-कडधान्यं: हिशेबाने महिन्याला सुमारे १० किलो. मांसाहारी घरात कमी. बहुतेक घरांत दोन किलो तूरडाळ आणि शोभेपुरती मटकी.

भाज्या: आठवड्याला ११ किलो. हा आकडा ऐकून नणंद हसली होती. तिच्याकडे चार किलो येत होती, त्यात बटाटे दीड किलो, आणि बटाटा या हिशेबात भाजीत धरत नाहीत. एकदम ११ वर जाऊ नका, सडेल. महिन्याला एक किलोने वाढवा.

मीठ: जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, पापड-लोणच्यातलं धरून. चौघांच्या घरात एक किलोचा पुडा दीड महिन्याच्या आत संपत असेल तर कुठेतरी हात सैल आहे. साखर: माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरली, तर चौघांना महिन्याला तीन किलो, तीही बाहेरचं गोड, सरबत, बिस्किटं शून्य असतील तर.

यातून एक कळतं: "काय आणू नये" या यादीपेक्षा "काय कमी पडतंय" ही यादी जास्त कामाची. घरात पुरेशी भाजीच येत नसेल, तर डबे कितीही सुंदर लावा.

आणि एकावर एक फुकटच्या योजनेत किनोआ घेऊ नका. घरात ज्या धान्याचा पदार्थ कोणाला करता येत नाही ते पाव किलोच्या वर आणायचं नाही, हा माझा नियम.

तपासणी ६: पीठ कडू, डाळीला टोके

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्या वर्षी आमच्या सोसायटीत घरोघरी नाचणी, बाजरी, राळं, वरई पाच-पाच किलो आलं. २०२४ च्या पावसाळ्यात मी त्यातली बरीचशी पोती कचऱ्याच्या गाडीत जाताना बघितली. भरडधान्यांचा काही दोष नव्हता, साठवण चुकली होती.

बाजरीत स्निग्धांश जास्त, दळल्यावर तो हवेशी लागून लवकर खवट होतो. आठवड्या-दहा दिवसांत पीठ कडू. ज्वारीचं पीठ तेवढ्या लवकर कडू होत नाही पण जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा तुटतात. सून म्हणते मला भाकरी जमत नाही, आणि खरं म्हणजे पीठ दीड महिन्याचं असतं. नव्याने शिकणाऱ्यांना मी आधी पिठाची तारीख विचारते.

उपाय: दाणे साठवा, पीठ नाही. गिरणीवर एका वेळी एक-दीड किलो दळा. गिरणीवाला एवढं कमी घेत नसेल तर शेजारणीबरोबर वाटून घ्या. बाजरीचं पीठ फ्रीजमध्ये.

टोके आणि जाळी यासाठी: रवा, दलिया, बेसन आणल्यावर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरलं की आतली अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट न फोडता आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दमट होतं. तूरडाळीला एरंडेलाचा हात, डब्यात कडुनिंबाची वाळलेली पानं, मे महिन्यात ऊन, हे जुने उपाय अजूनही चालतात. जुन्या डब्यात नवी डाळ ओतू नका. डबा रिकामा करून, पुसून, वाळवून मगच. किडे येतात ते बहुतेक तळाशी राहिलेल्या मूठभर डाळीतूनच.

बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या म्हणून विकतात त्या गोळ्या खाण्याच्या धान्यात घालू नका. धान्यात ठेवायच्या विषारी वायूच्या गोळ्या तर घरात आणूच नका, कोणी कितीही सांगितलं तरी. बंद खोलीत त्यांनी माणसं दगावतात.

तपासणी ७: भांडी आणि जागा (इथून खर्च सुरू)

इथवर येऊनही भाकरी होत नसेल तर परात कुठे आहे बघा. शेजारच्या घरात परात आणि लोखंडी तवा माळ्यावर होते, कारण मॉड्युलर किचन करताना परात कुठल्याच ट्रॉलीत मावली नाही. दीड-दोन लाख खर्च झाले आणि भाकरी बंद झाली. आम्ही भिंतीला तीस रुपयांचा हूक मारला.

रोजच्या पाच गोष्टी वाकल्याशिवाय, चढल्याशिवाय हाताला लागल्या पाहिजेत: कुकर, तवा, परात, किसणी, धार असलेली सुरी किंवा विळी. बोथट सुरीमुळे किती कोशिंबिरी राहतात याची कोणी मोजदाद केलेली नाही. मिक्सर ओट्यावर, वायर लावलेला. जागा नसेल तर ओट्यावरचं काय कपाटात जाऊ शकतं ते बघा. बहुधा टोस्टर जातो.

तेल बरणीतून धारेने ओतण्याऐवजी डावलं किंवा मोजाचा चमचा ठेवा. एवढ्या एका चमच्याने आमचा डबा २६ वरून ३५ दिवसांवर गेला. काचेचे सहा-आठ डबे घ्यायचे तर आत्ता घ्या, म्हणजे कशासाठी हवेत ते माहीत असतं.

तपासणी ८: सगळं एकाच माणसावर आहे का?

सगळ्यात अवघड ही. वरचं सगळं करूनही तिसऱ्या महिन्यात घर पूर्वपदावर आलं, तर निवडणं, भिजवणं, कूट, यादी, डबे हे सगळं एकीच्याच डोक्यात आहे का बघा. ती आजारी पडली, तिचं ऑफिसचं काम वाढलं, माहेरी गेली, की व्यवस्था बसते.

माझ्या घरी दुसऱ्यांदा बिघाड झाला तो यामुळे. आता भिजवायचं काम नवऱ्याकडे आहे, कारण चहा तोच करतो. भाजी निवडायला मुलगा बसतो, कुरकुर करत, आणि त्याच्या निवडलेल्या मेथीत काड्या असतात. त्या मी काढत नाही. काढल्या की काम परत माझ्याकडे येतं.

इथे थांबा, आणि ज्याचं त्याला बोलवा

गॅसचा वास येत असेल तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात नको, आणि १९०६ वर फोन. आवराआवर नंतर.

खालच्या कपाटात सारखी ओल येत असेल, डबे गंजत असतील तर नळवाला. लाकडी फळ्यांत मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे, कीटकनाशक घरी फवारू नका, तेही धान्याच्या शेजारी. थर्मामीटर सकाळी ८-९ अंश दाखवत असेल आणि फ्रीज ठासलेला नसेल तर मेकॅनिक.

माणसांच्या बाबतीत आणखी लवकर थांबायचं.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर घरातला भात-पोळी अचानक कमी करू नका. औषध तेवढंच आणि जेवण अर्धं झालं की साखर धोकादायक खाली जाते. आमच्याकडे एकदा पहाटे घाम फुटून नवरा थरथरत उठला, तो असाच. आधी डॉक्टर, मग डबे.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर वर दिलेले डाळींचे, फळांचे आकडे त्या माणसाला लागू नाहीत. "कमी सोडियम" म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असतं, आणि ते मूत्रपिंडाच्या रुग्णांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना घातक ठरू शकतं. विचारल्याशिवाय आणू नका.

गरोदरपण, दोन वर्षांखालचं मूल, वजन आपोआप उतरणं, गिळायला त्रास, रात्री उठून लपून खाणं, जेवल्यावर मुद्दाम उलटी करणं, किंवा वयात आलेल्या मुलीने-मुलाने एकाएकी ताट ढकलणं: यातलं काहीही असलं तर डबा वर ठेवून उपयोग नाही. शेवटच्या तीन गोष्टींसाठी मनोविकारतज्ज्ञसुद्धा लागतो, आणि डबे लपवण्याने तिथे नुकसानच होतं.

आहारतज्ज्ञ निवडताना पदवी विचारा. इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा दिलेल्यांना नावापुढे "आरडी" (रजिस्टर्ड डाएटिशियन) लावता येतं. पावडर आणि डबे विकणारा सल्लागार नको. भेटीला जाताना फाइल-रिपोर्टबरोबर गेल्या दोन महिन्यांच्या किराण्याच्या पावत्या, आणि तेलाच्या डब्यावरच्या दोन तारखांचा फोटो न्या.